सावळ्या मुलांच्या वाचनतासासाठी कृष्णवर्णीय बालसाहित्यातील कोणती पुस्तके निवडावीत?

शिक्षिका, पाथरी तालुका (जि. परभणी)

सर्वांना नमस्कार.

कृष्णवर्णीय मुलांना आपला वर्ण, आपले केस आणि आपले माणूसपण यांविषयी अभिमान वाटावा, या हेतूने अमेरिकेत आणि आफ्रिकेत बरीच बालपुस्तके लिहिली गेली आहेत. त्यांपैकी कोणती पुस्तके मराठवाड्यातील जिल्हा परिषद शाळेच्या वाचनतासाला उपयोगी पडतील, याविषयी मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझ्याकडे पहिली ते चौथीची मुले आहेत. बहुतेक जण शेतमजुरांच्या आणि ऊसतोड कामगारांच्या घरांतून येतात, काही जवळच्या तांड्यावरची आहेत, आणि जवळजवळ सर्वांचाच वर्ण सावळा किंवा काळा आहे. असे असूनही स्वतःचे चित्र काढायला सांगितले की मुले पेटीतला फिकट गुलाबी खडू शोधतात, कारण त्या खडूला ती 'अंगाचा रंग' म्हणतात. तपकिरी खडू झाडाच्या खोडासाठी आणि शेतातल्या ढेकळांसाठी ठेवलेला असतो. तिसरीतील एका मुलीला मी तो वापरून पाहायला सुचवले, तेव्हा 'चित्र घाण दिसंल' असे तिने उत्तर दिले.

शाळेच्या ग्रंथपेटीतील गोष्टींची पुस्तके मी या दृष्टीने पुन्हा पाहिली. राजकन्या, परी, शहाणी मुलगी आणि शूर मुलगा यांचे चेहरे उजळ रंगवलेले आहेत, तर राक्षस, चेटकीण आणि चोर यांना गडद रंग दिलेला आहे. स्नेहसंमेलनातील नाटकात राक्षसाचे काम कोणी करायचे, हे मुले आम्हाला न विचारताच ठरवून टाकतात आणि तो निर्णय सहसा वर्णावरून होतो. घरी, लग्नकार्यात आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातींत जे कानावर पडते त्याचाच हा परिणाम आहे, हे मला समजते. परंतु वर्गातले काही तास तरी माझ्या हातात आहेत आणि त्या तासांत या मुलांना वेगळे काही दिसावे, अशी माझी तीव्र इच्छा आहे.

माझ्या दोन शंका आहेत. परदेशातील, बर्फात किंवा मोठ्या शहरात घडणारी गोष्ट आमच्या मुलांना आपली वाटेल का? आणि काळ्या मुलीची गोष्ट वर्गात वाचली, तर मुले लगेच वर्गातील सर्वांत काळ्या मुलीकडे बोट दाखवून तिला त्या नायिकेच्या नावाने चिडवू लागतील, हे कसे टाळावे? पुस्तक तिच्यासाठीच आणायचे आणि त्रासही तिलाच व्हायचा, असे होता कामा नये.

निवृत्त प्राध्यापक, नांदेड

आपण विचारलेल्या पुस्तकांना शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि निवड करण्याआधी तो थोडा माहीत असलेला बरा, म्हणून सविस्तर लिहितो.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले होते, त्या डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांनी त्याच्या कितीतरी आधी, जानेवारी १९२० मध्ये, 'द ब्राउनीज बुक' नावाचे मुलांचे मासिक सुरू केले होते. त्याचे साहित्य-संपादन जेसी फॉसेट पाहत असत. त्या काळी अमेरिकेतील मुलांच्या पुस्तकांत काळा माणूस असलाच, तर तो नोकर म्हणून किंवा हसे करण्यासाठी असे. या मासिकात मात्र काळ्या मुलांची छायाचित्रे, त्यांची पत्रे आणि त्यांच्या समाजातील कर्तबगार स्त्रीपुरुषांची चरित्रे छापली जात. लँग्स्टन ह्यूज यांच्या अगदी सुरुवातीच्या कविता त्यात आल्या. काळे असणे ही सर्वसाधारण आणि सुंदर गोष्ट आहे हे काळ्या मुलांना उमगावे, असे डू बॉइस यांनी मासिकाचे उद्दिष्ट सांगितले होते. डिसेंबर १९२१ मध्ये, चोवीस अंकांनंतर, ते बंद पडले.

आपल्या वर्गातील खडूंविषयी वाचताना मला केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचा बाहुल्यांचा प्रयोग आठवला. त्यांनी १९४० च्या सुमारास ३ ते ७ वर्षे वयाच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे सारख्याच घडणीच्या बाहुल्या ठेवल्या, ज्यांत फरक फक्त कातडीच्या आणि केसांच्या रंगाचा होता. चांगली बाहुली कोणती, वाईट दिसते ती कोणती, असे विचारल्यावर बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शेवटी 'तुझ्यासारखी कोणती?' असे विचारले, तेव्हा काही मुले रडू लागली आणि काही उठून निघून गेली. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या अभ्यासाचा तळटिपेत उल्लेख केला आहे. तीन वर्षांच्या मुलालाही ही उतरंड कळलेली असते, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. म्हणून आपण पहिलीपासून सुरुवात करत आहात हे योग्यच आहे. 

पुढचा टप्पा पुस्तकांच्या मोजणीचा आहे. पाच वर्षांच्या एका काळ्या मुलीने पुस्तक पाहता पाहता 'ही मुले नेहमी गोरीच का असतात?' असे विचारले. नॅन्सी लॅरिक या अभ्यासिकेने १९६५ मध्ये लिहिलेल्या गाजलेल्या लेखाची सुरुवात त्या प्रश्नाने होते. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेली ५,२०६ बालपुस्तके त्यांनी पाहिली आणि त्यांपैकी अवघ्या ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्क्यांत, एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र आढळले. आपल्याकडेही एखाद्या जिल्ह्यातील शिक्षकांनी मिळून ग्रंथपेट्यांची अशी मोजणी करावी, असे मला मनापासून वाटते. लॅरिक यांच्या लेखानंतरच्या काळात, १९६९ मध्ये, ग्रंथपालांच्या पुढाकाराने कोरेटा स्कॉट किंग (मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी) यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला आणि कृष्णवर्णीय लेखक व चित्रकारांच्या पुस्तकांना शाळांची दारे उघडली.

आता पुस्तके. एझ्रा जॅक कीट्स यांचे 'द स्नोई डे' हे १९६२ चे पुस्तक आपल्याकडील इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांतून मागवता येते. पीटर नावाचा काळा मुलगा लाल पोशाख घालून बर्फात खेळतो, एवढीच गोष्ट आहे. कीट्स स्वतः गोरे ज्यू होते, हे येथे नोंदवले पाहिजे. जॉन स्टेप्टो यांचे 'मुफारोज ब्युटिफुल डॉटर्स' हे १९८७ चे पुस्तक दोन बहिणींच्या आफ्रिकी लोककथेवर आधारलेले असून त्यातील चित्रांमागे झिंबाब्वेच्या प्राचीन अवशेषांची प्रेरणा आहे. राजा, राजकन्या आणि राजवाडा हे सर्व काळ्या माणसांचे असू शकते, हे त्यातून मुलांना सहज दिसते. लुपिता न्योंगो यांचे 'सुल्वे' (२०१९) हे थेट आपल्या प्रश्नाला भिडणारे पुस्तक आहे. घरातील सर्वांत काळी असलेली सुल्वे खोडरबराने रंग पुसून पाहते, आईची सौंदर्यप्रसाधने लावते, फक्त फिकट रंगाचे पदार्थ खाते, देवाची प्रार्थना करते, आणि पुढे दिवस व रात्र या दोन बहिणींची कथा तिला ऐकायला मिळते. प्रथम हेच वाचावे, असे मी सुचवीन.

हा विषय मराठवाड्याला परका नाही, हेही सांगितले पाहिजे. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता. पुढे अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी नागसेनवनातील (मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातील) तरुणांचे लक्ष कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे वेधले, डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाने त्या विचाराला औरंगाबादेतून व्यासपीठ दिले, आणि आमच्या नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ लिहिला. मोठ्यांच्या कवितेला आणि आत्मकथनाला त्यातून बळ मिळाले. त्याच साहित्याचा लहान मुलांसाठीचा भाग मात्र आपल्या शाळांपर्यंत पोहोचलेला नाही, आणि तो पोहोचवण्याचे काम आपण हाती घेत आहात याचा मला फार आनंद आहे.

पालक, अंबाजोगाई

आपण नरसी, गंगाखेड आणि पैठण या संतांच्या भूमीतील माणसे आहोत. आपला विठोबा काळा आहे, कृष्ण आणि राम सावळे आहेत, आणि शेताला तर आपण काळी आईच म्हणतो. मुलांना हे सांगितले म्हणजे परदेशी पुस्तकांची आवश्यकता राहणार नाही, असे माझे नम्र मत आहे.

चित्रकार, लातूर

वरील मताचा आदर राखून सांगते की विठोबाच्या पायांवर डोके ठेवणाऱ्या घरांतूनच 'मुलगी गोरी हवी' ही अट येते. देवाचा वर्ण काळा असल्यामुळे काळ्या मुलीची वाट सोपी झाल्याचे आपल्या भागात मला दिसलेले नाही. आपल्या कॅलेंडरांवर तर राम आणि कृष्णही निळे रंगवले जातात. मुलांना विठोबाविषयी अवश्य सांगावे, पण त्यावर थांबू नये.

प्राध्यापक सरांनी सांगितलेला इतिहास मोलाचा आहे. तरीही 'सुल्वे' प्रथम वाचावे, या सूचनेशी मी सहमत नाही. ते पुस्तक अतिशय सुंदर आहे आणि त्यातील व्हॅश्टी हॅरिसन यांची रात्रीची चित्रे मी चित्रकार म्हणून कितीतरी वेळा पाहिली आहेत. परंतु त्याचा विषयच वर्णाचे दुःख हा आहे. ज्या मुलांनी काळ्या मुलाला पुस्तकात कधी पाहिलेलेच नाही, त्यांच्यापुढे पहिल्यांदा येणारा काळा चेहरा रडवेला आणि स्वतःचा रंग पुसणारा असेल, तर काळेपण ही एक अडचण आहे, हीच समजूत आधी पक्की होईल आणि शेवटचे समाधान नंतर येईल. 'द स्नोई डे'मध्ये पीटरच्या वर्णाविषयी एकही शब्द नाही. तो बर्फात पावलांचे ठसे उमटवतो, बर्फाचा गोळा खिशात घालून घरी नेतो आणि तो वितळलेला पाहून हिरमुसतो. वर्णाचा उच्चारच नाही, म्हणून त्या पुस्तकावर पूर्वी टीकाही झाली होती. आपल्या पहिलीच्या वर्गासाठी मला तेच त्याचे बळ वाटते. आपल्या मुलांनी बर्फ पाहिलेला नसला, तरी गारपीट पाहिलेली आहे आणि गारा वेचून ओंजळीत घेतलेल्या आहेत. गोष्ट दूरची वाटेल का, ही आपली शंका त्यामुळे मला फारशी गंभीर वाटत नाही. मुलांना परका देश चालतो. पुस्तकातील माणसे आपल्याला आपल्यात घेणार नाहीत, असे वाटले की ती पुस्तक मिटतात.

याच कारणासाठी मॅथ्यू चेरी यांचे 'हेअर लव्ह' हे पुस्तक दुसऱ्या क्रमांकावर घ्यावे. झुरी नावाच्या मुलीचे दाट कुरळे केस विंचरायला तिचे वडील शिकतात, एवढाच त्याचा विषय आहे. याच गोष्टीच्या छोट्या चित्रपटाला २०२० मध्ये ऑस्कर मिळाला. आपल्या वर्गातील ज्या मुलींच्या कुरळ्या केसांना घरीदारी 'झिपऱ्या' म्हटले जाते, त्यांना हे पुस्तक फार जवळचे वाटेल, आणि मुलीची वेणी घालणारा बाप पाहणे हे मुलग्यांसाठीही आवश्यक आहे. 'सुल्वे' त्यानंतर, तिसरी-चौथीला, मुले काळ्या नायकांना सरावल्यावर वाचावे.

चिडवण्याविषयीची आपली भीती खरी आहे आणि त्यावर उपाय पुस्तकांच्या संख्येत आहे. काळ्या मुलीचे एकच पुस्तक वर्गात आणले, तर ती नायिका सर्वांच्या नजरेत भरते आणि तिचे नाव टोपणनाव होते. अशी बरीच पुस्तके एकदमच पेटीत ठेवली आणि सलग काही आठवडे काळी मुले कधी मासे पकडताना, कधी भांडताना, कधी हरवलेली शेळी शोधताना दिसत राहिली, तर चिडवायला नेमके कोणते नाव घ्यावे, हेच मुलांना सुचत नाही. वाचताना कोणत्याही एका मुलाकडे पाहू नये, 'तुमच्यापैकी अशी कोण आहे?' असे चुकूनही विचारू नये, आणि गोष्ट संपल्यावर तात्पर्य सांगू नये.

सुंदरतेविषयीही एक सांगावेसे वाटते. 'काळा रंगही सुंदर असतो' हे वाक्य आपण प्रेमाने उच्चारतो, पण त्यात सुंदर दिसणे ही मुलीची पहिली परीक्षा असल्याचे गृहीत धरलेले असते. शिवाय आपल्याकडे वर्ण एकटा येत नाही, त्याच्याबरोबर जात येते. 'काळा' म्हणून चिडवल्या जाणाऱ्या मुलाला पुष्कळदा त्याची वस्ती, त्याच्या आईवडिलांचे काम आणि त्याचे आडनाव यांवरून हिणवले जात असते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलाचे दुःख आणि आपल्या तांड्यावरील किंवा वस्तीतील मुलाचे दुःख यांत नाते आहे, पण ती एकरूप नाहीत. पुस्तके वाचून झाल्यावर शिक्षकाने पुढचे पाऊल टाकले नाही आणि नाटकातील राक्षस पूर्वीसारखाच निवडला गेला, तर पुस्तकांचा उपयोग होणार नाही.

आता व्यवहाराचे बोलते. दक्षिण आफ्रिकेतील 'साइड' या संस्थेच्या 'आफ्रिकन स्टोरीबुक' उपक्रमात आफ्रिकेतील अनेक भाषांमधील चित्रगोष्टी खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ गोष्टी प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरही आहेत. लेखक, चित्रकार आणि मूळ प्रकाशक यांची नावे कायम ठेवून त्या मराठीत अनुवादित करता येतात आणि छापताही येतात. प्रत्येक गोष्टीखाली परवाना कोणता आहे, ते तेवढे वाचून घ्यावे. गावाकडची पाणवठ्याची वाट, कोंबड्या, आजी, बाजार, गुरे असे विषय त्यांत भरपूर असल्यामुळे आपल्या मुलांना त्या फार सहज कळतील. सरांनी सांगितलेली पुस्तके मात्र विकत घेऊनच वापरावीत. चित्रे दाखवून गोष्ट आपल्या बोलीत सांगायला काहीच हरकत नाही, पण त्यांच्या झेरॉक्स प्रती काढून वाटू नयेत.

झेरॉक्सवरून आणखी एक आठवले. गडद वर्णाच्या चेहऱ्यांची चित्रे साध्या काळ्या-पांढऱ्या यंत्रावर काढली की डोळे, नाक आणि हसू सर्व नाहीसे होऊन नुसता काळा डाग उरतो. मुलांच्या हाती असा कागद पडला, तर आपण करू पाहतो आहोत त्याच्या नेमके उलटे होईल. म्हणून शक्य असेल तर कमी प्रती काढाव्यात, पण रंगीत काढाव्यात, किंवा रेघांची चित्रे असलेल्या गोष्टी निवडाव्यात. रेघांची चित्रे मुलांना स्वतः रंगवता येतात. त्यासाठी लाल, पिवळा आणि थोडा निळा रंग मिसळून आपल्या हाताच्या पाठीशी जुळणारी छटा तयार करायला लावावे. प्रत्येकाची छटा वेगळी निघते आणि 'अंगाचा रंग' नावाचा एकच खडू पुरेसा नाही, हे न सांगता कळते. क्रेओला या अमेरिकी कंपनीने २०२० मध्ये कातडीच्या २४ छटांची वेगळी पेटी काढली. आपल्याला त्या पेटीची वाट पाहण्याचे कारण नाही, पाण्याच्या रंगांची साधी पेटी त्याला पुरते.

ग्रंथालय कार्यकर्ती, छत्रपती संभाजीनगर

चर्चा वाचताना एका गोष्टीचे सारखे आश्चर्य वाटत होते. कर्तबगार कृष्णवर्णीय नायक शोधत आपण न्यूयॉर्कपर्यंत गेलो, पण ज्या शहरात बसून मी हे लिहीत आहे, ते एका आफ्रिकी माणसाने वसवले आहे, याचा उल्लेख अजून कोणी केला नाही.

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू होते. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि एका हातातून दुसऱ्या हातात जात बगदादला पोहोचला. तेथील धन्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे त्याला दख्खनमध्ये आणून अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याला विकण्यात आले. हा चंगीजखान स्वतःही हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाचा, होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला, शिपाई झाला, सरदार झाला, आणि १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर बुडत चाललेली निजामशाही त्याने पंचवीसहून अधिक वर्षे उभी ठेवली. १६१० मध्ये त्याने खडकी हे गाव राजधानीसाठी निवडले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगरातील पाणी भूमिगत नळांमधून केवळ उताराच्या बळावर शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याने बांधवली. भडकल दरवाजा १६१२ चा आहे. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले होते. १६२६ मध्ये तो वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे.

मुलांना त्याची महसूल पद्धत पाठ असते, पण तो दिसायला कसा होता, असे विचारले की बहुतेकांच्या मनात उजळ वर्णाचा, दाढीवाला मोगल सरदार उभा राहतो. दख्खनी आणि मोगल चित्रकारांनी काढलेली त्याची चित्रे आज उपलब्ध आहेत आणि त्यांत त्याचा वर्ण गडद, बांधा धिप्पाड आणि पोशाख शुभ्र आहे. जहांगीर बादशहा त्याला आपल्या आत्मचरित्रात काळ्या तोंडाचा म्हणून हिणवतो. अंबरच्या तोडलेल्या मस्तकावर जहांगीर बाण मारतो आहे, असे चित्रही त्याच्या दरबारातील अबुल हसन याने रंगवले; प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही. पुढे त्याच्या मृत्यूची नोंद करताना मोगल इतिहासकार मुतमदखान याला लिहावे लागले की युद्धात आणि कारभारात या माणसाला तोड नव्हती. वर्णावरून हिणवलेल्या माणसाने काय करून दाखवले, याची याहून मोठी गोष्ट आपल्या मातीत दुसरी सापडणार नाही, आणि त्यात कोणी कोणाला 'तू सुंदर आहेस' असे म्हणण्याची गरजही पडत नाही. चित्रकार ताईंचा आक्षेप मला म्हणूनच पटतो.

त्यामुळे माझी सूचना अशी आहे की आफ्रिकेतील गोष्टी आणि पीटर यांच्या जोडीला मलिक अंबरचे एक लहान चित्रपुस्तक आपण स्वतः तयार करावे. मजकूर शिक्षकांनी लिहावा आणि चित्रे लातूरच्या ताईंनी काढावीत, अशी माझी विनंती आहे.

शिक्षिका, पाथरी तालुका (जि. परभणी)

सर्वांची मनापासून आभारी आहे. सर, आपण दिलेल्या इतिहासामुळे मला शाळेत आणि केंद्रातील सहकाऱ्यांपुढे हा विषय मांडण्याचे बळ मिळाले. क्रमाच्या बाबतीत मात्र मी लातूरच्या ताईंचे ऐकते. खुल्या परवान्याच्या आफ्रिकी गोष्टी आणि 'द स्नोई डे' यांनी सुरुवात करीन, 'सुल्वे' चौथीसाठी ठेवीन. ग्रंथपेट्यांची मोजणी करण्याविषयी पुढच्या शिक्षण परिषदेत बोलणार आहे.

मलिक अंबरचे पुस्तक करण्याची कल्पना मला फार आवडली. एकच अडचण वाटते. आठ वर्षांच्या मुलांना गुलामगिरी कशी सांगावी? आमच्या मुलांच्या घरी मुकादमाची उचल असते, दिवाळीच्या आसपास आईवडील कोयता घेऊन बाहेर पडतात, आणि काही मुलेही त्यांच्याबरोबर जातात. माणूस विकला जातो, हे ऐकून ती घाबरतील किंवा आपल्या घराशी त्याचा भलताच संबंध जोडतील, असे वाटते.

ग्रंथालय कार्यकर्ती, छत्रपती संभाजीनगर

ताई, विकला गेला हे लपवू नका, पण तिथून सुरुवातही करू नका. पहिल्या दोन-तीन पानांवर चापू हा डोंगराळ मुलखातील एक मुलगा म्हणून यावा. त्याला आई आहे, भाषा आहे, स्वतःचे नाव आहे. त्यानंतर साध्या वाक्यात सांगावे की काही माणसांनी त्याला पकडून नेले आणि पैशांसाठी विकले, आणि असे करणे अन्याय होते. एवढे सरळ सांगितले की मुले प्रश्न विचारतात आणि त्या प्रश्नांतूनच पुढचे बोलता येते. उचलीचा विषय मुलांनी स्वतः काढला, तर टाळू नये. आईवडील कर्ज फेडण्यासाठी कामाला जातात आणि काम संपल्यावर परत येतात, चापूला परत जाता आले नाही, हा फरक त्यांना समजतो. कोणाच्या घरी उचल किती आहे, याची चर्चा मात्र वर्गात होऊ देऊ नये.

जहांगीरच्या बाणाचे चित्र या पुस्तकात घेऊ नये. ते मोठ्या मुलांसाठी ठीक आहे. त्याऐवजी नहरीचे पान मोठे ठेवावे. डोंगरातील पाणी पंप नसताना शहरात कसे येते, हे कळले की मुले तास सोडायला तयार होत नाहीत, आणि टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या मुलांना तर पाणी आणणाऱ्या माणसाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पाथरीहून शाळेची सहल वेरूळला येत असेल, तर खुलताबाद वाटेवरच आहे. भडकल दरवाजा शहरातच असून तो पाहायला अर्धा तास पुरतो. सहलीआधी मजकुराचा पहिला मसुदा इथे टाकलात, तर तारखा आणि नावे मी तपासून देईन.

चित्रकार, लातूर

चित्रे मी काढते. मजकूर बारा पानांच्या आत बसवा. चापूच्या वर्णासाठी मी चार-पाच छटा तयार करून पाठवीन. त्यांपैकी कोणती घ्यायची, ते आपल्या वर्गातील मुलांना ठरवू द्या.